झाडीपट्टीचा मंडप आणि बिनतारी माईक : मॉड्यूलर रिसिव्हरची उभारणी

बिनतारी माईकच्या यंत्रणेचे तीन भाग असतात. आवाज पकडणारा माईक, तो आवाज रेडिओ लहरींवर चढवून हवेत सोडणारा ट्रान्समीटर आणि त्या लहरी झेलून पुन्हा आवाज वेगळा काढणारा रिसिव्हर. हातातल्या कॉर्डलेस माईकमध्ये पहिले दोन भाग एकाच दांड्यात बसवलेले असतात. कॉलर माईक किंवा गालाजवळच्या हेडसेटमध्ये ट्रान्समीटर कमरेला लावायच्या डबीत असतो. प्रत्येक माईकला स्वतंत्र फ्रीक्वेन्सी लागते आणि प्रत्येक फ्रीक्वेन्सीला स्वतंत्र रिसिव्हर. दोन माईकपर्यंत हे सोपे आहे. आठ पात्रांच्या नाटकात मात्र आठ सुटे रिसिव्हर, आठ अ‍ॅडॉप्टर आणि सोळा अँटेना एका टेबलावर जमतात, त्या एकमेकींच्या आड येतात आणि नेमक्या कोणत्या यंत्राने दगा दिला हे ऐन वेळी सापडत नाही. या गुंत्यावरचा उपाय म्हणजे मॉड्यूलर रिसिव्हर. त्यात एकच चौकट, एकच वीजजोड आणि अँटेनांची एकच जोडी असते, आणि चौकटीच्या खाचांमध्ये गरजेइतकी रिसिव्हरची मॉड्यूल सरकवता येतात.

गोंदिया जिल्ह्यात अशा यंत्रणेची खरी गरज झाडीपट्टी रंगभूमीला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात दंडार आणि खडीगंमत या लोककलांच्या मातीतून वाढलेली ही रंगभूमी आजही तिकिटावर चालते. पद्मश्री मिळवणारे परशुराम खुणे (२०२३) याच रंगभूमीचे नट. तिच्या बहुतेक नाट्य कंपन्यांची कार्यालये गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा म्हणजे देसाईगंज इथे आहेत, आणि वडसा गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावर असल्याने अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांशी तिथल्या कंपन्यांचे जाणे-येणे जुने आहे. धान कापून झाले, दिवाळी उलटली की मंडई म्हणजे गावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर नाटकेही. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत रंगते. आज एका गावात, उद्या दुसऱ्या, असा हंगामभर मुक्काम हलत राहतो.

उघड्या मंडपातल्या नाटकासाठी जुनी सोय म्हणजे रंगमंचावर वरून टांगलेले दोन-तीन माईक. नट त्यांच्या खाली येऊन संवाद म्हणतो, मागे सरकला की आवाज पडतो. हा दोष नटाचा नव्हे, अंतराचा आहे. आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की माईकपाशी पोचणारी पातळी ६ डेसिबलने उतरते. टांगलेला माईक तोंडापासून २ मीटरवर असेल आणि हेडसेटचा माईक ५ सेंटीमीटरवर, तर दोन्ही अंतरांत ४० पटींचा फरक आहे आणि आवाजाच्या पातळीत सुमारे ३२ डेसिबलचा. ही तूट भरून काढायला मिक्सरवर माईक चढवला की समोरच्या भोंग्यांचा आवाज त्यात परत शिरतो, माईक शिट्टी मारतो आणि जनरेटरची घरघरही प्रेक्षकांपर्यंत पोचते. माईक तोंडाजवळ आला की भोंगे तेवढेच ठेवूनही शब्द स्पष्ट ऐकू येतात. रात्रभर चालणाऱ्या संवादप्रधान नाटकाला याहून मोठा फायदा दुसऱ्या कोणत्याही यंत्राने होत नाही.

मॉड्यूलर चौकट साधारणपणे १९ इंची रॅकमध्ये बसते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या लेक्ट्रोसॉनिक्स कंपनीची ‘व्हेन्यू’ ही चौकट रॅकची एकच खाच, म्हणजे सुमारे साडेचार सेंटीमीटर उंची, घेते आणि तीत सहा रिसिव्हर मावतात. जर्मनीच्या सेनहायझरच्या ‘ईएम ९०४६’ या चौकटीत आठ मॉड्यूल बसतात. ही महागडी नावे आहेत आणि गावच्या साउंडवाल्याकडे ती असतीलच असे नाही. कमी किमतीत दोन किंवा चार रिसिव्हर एकाच पेटीत घालून अँटेना सामाईक ठेवणारे संचही मिळतात. त्यांची मॉड्यूल बदलता येत नाहीत, एवढा फरक सोडला तर पुढे दिलेली उभारणीची रीत त्यांनाही जशीच्या तशी लागू पडते.

चौकटीच्या आत, अँटेनाची वायर जिथे जोडली जाते तिथून एक फिल्टर आणि विभाजक सुरू होतो. ठरावीक फ्रीक्वेन्सी-पट्ट्याबाहेरच्या लहरी फिल्टर अडवतो आणि आत आलेला सिग्नल विभाजक प्रत्येक मॉड्यूलला सारखा वाटून देतो. म्हणूनच चौकट ज्या पट्ट्याची, त्याच पट्ट्याची मॉड्यूल तीत घालावी लागतात, आणि ट्रान्समीटरही त्याच पट्ट्याचे असावे लागतात. खरेदीच्या वेळी यंत्राच्या मागचे पट्ट्याचे आकडे वाचणे हे पहिले काम. मॉड्यूल बसवताना चौकटीची वीज बंद ठेवावी. चालू अवस्थेत मॉड्यूल काढा-घाला चालेल असे निर्मात्याने स्पष्ट लिहिले असेल तरच तसे करावे. मॉड्यूल खाचेतल्या रुळांवर सरळ धरून, मागची पिन बसल्याचे हाताला जाणवेपर्यंत आत सारावे आणि पुढचे स्क्रू आवळावेत. रिकाम्या खाचांना झाकण लावले नाही तर दोन-चार प्रयोगांतच धान मळणीची धूळ आत जमते.

पट्टा निवडणे ही इथली सर्वांत मोठी जोखीम आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये संपलेल्या ५जी लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा पहिल्यांदाच विकला गेला. या पट्ट्यात मोबाइल हँडसेट ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान बोलतात आणि टॉवर ७५८ ते ८०३ च्या दरम्यान. बाजारात मिळणारे अनेक स्वस्त कॉर्डलेस संच नेमके ७४० ते ७९० मेगाहर्ट्झवर चालतात. त्या लिलावाआधी निर्धोक चालणारा संच अचानक खरखरू लागला, तर त्यात बिघाड शोधण्याआधी त्याची फ्रीक्वेन्सी पाहावी. त्याउलट प्रसार भारतीने टीव्हीची जमिनीवरची जुनी प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद केल्याने ४७० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा ग्रामीण भागात बराच मोकळा झाला आहे. पण मोकळा म्हणजे कुणालाही खुला असे नाही. माईकचा ट्रान्समीटर अवघ्या १० ते ५० मिलिवॉटचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो रेडिओ प्रक्षेपकच आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा बिनतारी उपकरणांचे पट्टे आणि मान्यता पाहते. संच घेताना त्या मान्यतेचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागून घ्यावे.

मंडपात रॅक कुठे ठेवायचा? मिक्सर प्रेक्षकांच्या मागे असतो म्हणून रिसिव्हरही तिथेच ठेवण्याचा मोह होतो, आणि निम्म्या तक्रारी तिथेच जन्म घेतात. मधल्या ८०-१०० फुटांत शेकडो माणसे बसलेली असतात. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे, आणि पाणी या लहरी शोषून घेते. शिवाय प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. रॅक रंगमंचाच्या बाजूला, विंगेच्या आडोशाला ठेवावा आणि तिथून आवाजाची साधी एक्सएलआर वायर मिक्सरपर्यंत न्यावी. या वायरीत आवाजाचे फारसे नुकसान होत नाही. अँटेनाच्या वायरीत होते. पातळ आरजी-५८ वायर ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास दहा मीटरमध्ये ३ ते ४ डेसिबल गिळते, म्हणजे हवेतून आलेली निम्मी किंवा त्याहून जास्त शक्ती रस्त्यातच संपते. आरजी-२१३ सारखी जाड वायर तेवढ्याच लांबीत दीडेक डेसिबल घेते. केबल टीव्हीची ७५ ओहमची वायर सहज मिळते, पण या यंत्रणेची सगळी जोडणी ५० ओहमची असते, म्हणून वायरही त्याच मापाची घ्यावी.

अँटेना दोन असतात त्या एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून नव्हे. ट्रान्समीटरची लहर रिसिव्हरकडे थेट येते, तशीच पत्र्यावर, लोखंडी ट्रसवर, शेजारी उभ्या ट्रकवर आपटूनही येते. दोन्ही लहरी उलट लयीत भेटल्या की एकमेकींना पुसून टाकतात आणि त्या जागी सिग्नल क्षणभर नाहीसा होतो. नट एक पाऊल पुढे गेला की तो परत येतो. दोन अँटेना वेगवेगळ्या जागी असतील तर एकाच क्षणी दोघींना हा खड्डा लागण्याची शक्यता फार कमी. रिसिव्हर दोघींपैकी सरस सिग्नल निवडतो किंवा दोन्ही जोडून घेतो. ५०० मेगाहर्ट्झची एक लहर ६० सेंटीमीटर लांब असते. दोन अँटेनांत किमान तिच्या पावपट, म्हणजे १५ सेंटीमीटर अंतर हवे. मीटर-दीड मीटर ठेवता आले तर उत्तम. रॅकच्या मागे लटकणाऱ्या छोट्या दांड्यांपेक्षा स्टँडवरच्या चपट्या दिशादर्शी अँटेना बऱ्या. रंगमंचाच्या एकाच बाजूला, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर, तोंड नटांकडे करून त्या लावाव्यात. नट अँटेनाच्या अगदी अंगावर येऊ नये म्हणून तीन मीटरचे अंतर राखावे. आता बहुतेक नाटकांत मागे एलईडीचा पडदा असतो. स्वस्त पडदे रेडिओ लहरींचा मोठा कचरा हवेत सोडतात, तेव्हा अँटेनाची पाठ त्यांच्याकडे असावी, तोंड नव्हे. अँटेनाजवळ अ‍ॅम्प्लिफायर लावला तर त्याने वायरीतली तूटच भरून काढावी. गरजेपेक्षा जास्त वाढ दिली की रिसिव्हर गुदमरतो आणि रेंज घटते.

जोडणी झाली की फ्रीक्वेन्सी ठरवायच्या. क्रम महत्त्वाचा आहे. आधी एलईडी पडदा, दिवे, जनरेटर असे रात्री चालणारे सगळे चालू करावे. आपले सर्व ट्रान्समीटर बंद ठेवावेत आणि मग रिसिव्हरला हवा स्कॅन करू द्यावी. दुपारी सगळे शांत असताना केलेल्या स्कॅनला अर्थ नाही. स्कॅनमध्ये दिसलेल्या शिखरांपासून दूरच्या मोकळ्या जागा निवडाव्यात.

पण प्रत्येक जागा वेगवेगळी मोकळी असली म्हणजे काम संपले असे नाही, कारण माईक एकमेकांतही भांडतात. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या लहरी मिसळून नव्या, कुणी न सोडलेल्या लहरी तयार होतात. समजा एक माईक ५२०.००० वर आणि दुसरा ५२०.८०० वर आहे. पहिल्याची दुप्पट करून दुसरा वजा केला की ५१९.२०० येते, दुसऱ्याची दुप्पट करून पहिला वजा केला की ५२१.६००. तिसरा माईक नेमका ५२१.६०० वर ठेवला असेल, तर नायक-नायिका गळ्यात गळा घालून उभे राहिले की विंगेतल्या तिसऱ्या नटाचा माईक खरखरू लागतो. सारख्या अंतरावर फ्रीक्वेन्सी मांडणे व्यवस्थित वाटते, पण ते हमखास याच सापळ्यात नेते. तीन माईक मिळूनही अशीच भुते उभी करतात. आठ माईकांच्या संचात दोघा-दोघांची ५६ आणि तिघा-तिघांची १६८, अशी एकूण २२४ मिश्रणे हिशेबात धरावी लागतात. हा हिशेब हाताने करण्याचे कारण नाही. निर्माते परस्परांना न भिडणाऱ्या फ्रीक्वेन्सींचे तयार गट यंत्रात घालून देतात. सगळे माईक एकाच गटातले घ्यावेत, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकत्र वापरायचे असतील तर संगणकावरच्या समन्वयाच्या प्रोग्रॅममधून सगळ्या फ्रीक्वेन्सी एकदम काढाव्यात.

शंकरपटाच्या गावात अडचण आणखी वाढते. तिथे एकाच रात्री दोन-तीन नाटकांचे मंडप जवळजवळ पडतात. शेजारच्या मंडपातला माईक आपल्याच फ्रीक्वेन्सीवर असेल, तर त्यांच्या खलनायकाची गर्जना आपल्या नायिकेच्या तोंडून निघू शकते. बहुतेक यंत्रणांत एफएम पद्धत असते आणि तिच्यात ज्याचा सिग्नल जोरकस तोच पकडला जातो. म्हणून आपला माईक बंद पडला की शेजारचा आत घुसतो. यापासून वाचवायला अनेक ट्रान्समीटर आवाजाबरोबर कानाला ऐकू न येणारा एक ठरलेला स्वर पाठवतात आणि तो स्वर नसेल तर रिसिव्हर तोंड उघडत नाही. पण दोन्ही मंडपांत एकाच बनावटीचे संच असले तर हेही कुलूप उघडे पडते. सर्वांत खात्रीचा मार्ग जुनाच आहे. संध्याकाळी शेजारच्या मंडपातल्या साउंडवाल्याला भेटावे, दोघांच्या फ्रीक्वेन्सी एका कागदावर लिहून पट्टा वाटून घ्यावा आणि त्यांचे माईक चालू असताना आपला स्कॅन पुन्हा करावा.

फ्रीक्वेन्सी ठरली की ती ट्रान्समीटरमध्ये भरायची. बहुतेक संचांत ट्रान्समीटरची खिडकी मॉड्यूलच्या समोर धरून इन्फ्रारेडने ती एका क्षणात जाते. हे काम एका वेळी एकाच माईकचे करावे, आणि डबीवर लगेच चिकटपट्टी लावून पात्राचे नाव आणि मॉड्यूलचा क्रमांक लिहावा. मग सगळे ट्रान्समीटर चालू करून रंगमंचावर हातभर अंतराने ठेवावेत आणि एकेक बंद करत त्याच्या मॉड्यूलकडे पाहावे. माईक बंद असतानाही मॉड्यूलचा सिग्नल-दिवा उठत असेल तर त्या जागी दुसरे काहीतरी येते आहे. ती फ्रीक्वेन्सी सोडून द्यावी. या चाचणीला पाच-दहा मिनिटे लागतात आणि सगळ्या उभारणीत ती सर्वांत जास्त वेळा टाळली जाते.

मिक्सरशी जोडताना दोन गोष्टी पाहायच्या. मॉड्यूलची आउटपुट पातळी माईक की लाइन यांपैकी कोणती आहे त्याप्रमाणे मिक्सरचे चॅनेल लावावे, आणि त्या चॅनेलवरचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद करावा. नंतर पातळी. ट्रान्समीटरवरचा गेन नटाच्या मोठ्यात मोठ्या आवाजावर लावायचा असतो. ‘हॅलो, हॅलो, चेक’ने तो लागत नाही, कारण झाडीपट्टीच्या नाटकातला आक्रोश आणि आव्हान तालमीतल्या आवाजाच्या कितीतरी वर जाते. नटाला त्याचा सर्वांत चढा संवाद म्हणायला लावावा, लाल दिवा क्वचितच लुकलुकेल इतपत गेन ठेवावा आणि पुढची सगळी वाढ मिक्सरवर करावी. गेन कमी ठेवला तर सळसळ वाढते, जास्त ठेवला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज मिक्सरवर दुरुस्त होत नाही.

डबी बांधण्यात कौशल्य आहे. ती कमरेमागे पट्ट्यात घट्ट बसवावी आणि तिची छोटी अँटेना अंगापासून किंचित सुटी, सरळ राहील असे पाहावे. नऊवारीच्या निऱ्यांत किंवा जरीच्या कमरपट्ट्याखाली दुमडलेली अँटेना अर्धी रेंज खाते. घाम हा डबीचा पहिला शत्रू आहे, म्हणून पातळ रबरी आवरण घालावे. माईकची वायर पाठीवरून मानेमागे नेऊन तिथे एक ढिला फेरा ठेवावा, म्हणजे मारामारीच्या प्रसंगात मान वळली तरी वायर ओढली जात नाही. वायर दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीने, रंग लावण्याआधी चिकटवावी. रंगावर चिकटपट्टी टिकत नाही. नटाच्या अंगावर मोबाइल असू नये.

शेवटची तपासणी चालून करायची. एकाने माईक लावून रंगमंचाचा प्रत्येक कोपरा, दोन्ही विंगा, मेकअपची खोली आणि प्रेक्षकांतून प्रवेश असेल तर तो रस्ता बोलत बोलत फिरावा. दुसऱ्याने मॉड्यूलवरचे दोन्ही अँटेनांचे दिवे पाहावेत. जिथे दोन्ही एकदम मंदावतात तिथे अँटेना सरकवण्याची वेळ आली. स्क्वेल्च म्हणजे किती कमकुवत सिग्नलला रिसिव्हरने गप्प बसायचे ती मर्यादा. कारखान्यातून आलेली मर्यादा सहसा योग्य असते. खरखर झाकण्यासाठी ती वाढवली तर खरखर जाते आणि तिच्याबरोबर रेंजही जाते.

सेलची बाब पहाटे तीनला कळते. गोंदियाचा पारा हिवाळ्यात अनेकदा विदर्भात सर्वांत खाली असतो आणि थंडीत अल्कलाइन सेलची ताकद घटते. बाहेर दव पडते तेव्हा रॅकवर कापड टाकावे, पण हवा खेळण्याची जागा मोकळी ठेवावी. सेल किती तास टिकेल याचा अंदाज न बांधता मध्यंतरात सगळे बदलावेत. पुन्हा चार्ज होणारे निकेल सेल १.२ व्होल्टचे असतात. ते वापरायचे तर ट्रान्समीटरच्या मेनूत सेलचा प्रकार तसा निवडावा, नाहीतर चार्ज दाखवणाऱ्या पट्ट्या खोटे सांगतात. काही मॉड्यूलर चौकटी १२ व्होल्टच्या आसपासच्या डीसीवर चालतात. मागे लिहिलेली व्होल्टची मर्यादा पाहून त्यांना एक बॅटरी जोडून ठेवली, तर जनरेटर बदलताना रिसिव्हर बंद पडून पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही.

प्रयोगात एखादा माईक गेलाच, तर बिघाड शोधण्याचा क्रम ठरलेला असावा. मॉड्यूलवर सिग्नल दिसतो पण आवाज नाही, तर माईकची वायर किंवा तिची पिन. सिग्नलच नाही, तर सेल किंवा ट्रान्समीटर. सगळ्याच मॉड्यूलचा सिग्नल एकदम पडला, तर अँटेना किंवा तिची वायर, कारण वीजजोडाखेरीज सगळ्यांत सामाईक तेवढेच आहे. एकच मॉड्यूल मेले असेल तर चौकटीतल्या राखीव मॉड्यूलवर तीच फ्रीक्वेन्सी घालून मिक्सरवर चॅनेल बदलावे. त्यासाठी सहा माईकांच्या नाटकाला निदान एक खाच जास्तीची भरलेली ठेवावी, आणि विंगेत एक तारेचा माईकही लावलेला असावा.

गाव बदलले की हवा बदलते, म्हणून फ्रीक्वेन्सीची कालची यादी आज तशीच चालेल असे गृहीत धरू नये. तरीही प्रत्येक गावाची यादी वहीत तारखेसह लिहून ठेवावी. पुढच्या हंगामात त्याच गावी स्कॅनची सुरुवात तिथून करता येते. अँटेना, वायरी आणि चौकट एकाच पेटीत, जोडलेल्या अवस्थेत नेता आल्या तर उभारणीचा वेळ अर्ध्यावर येतो. हंगाम संपला की ट्रान्समीटरमधले सगळे सेल काढावेत, कारण गळलेला सेल पावसाळ्यात आतल्या पट्ट्या खाऊन टाकतो. माईकच्या वायरी कोरड्या फडक्याने पुसून सैल गुंडाळाव्यात, मॉड्यूलच्या खाचांतली धूळ हलक्या ब्रशने काढावी आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावी.